बोगद्यात बसणारे तिघे

दामू, आपला वाद अर्ध्यावर टाकून गेलास. गावांना आणि हॉटेलांना जी टोपणनावं पडतात ती खरोखर कोण वापरतं, हा तो वाद. बारा वर्षं तो तुझ्या मोटारीच्या पुढच्या बाकावर चालला. तू म्हणायचास, "जो ऱ्हातो तो टोपननाव घेत नाय, भाऊ. जो येतो-जातो त्याच्याच तोंडात ते असतं." मी म्हणायचो, साफ चूक. टोपणनाव ही आतल्या माणसांची खूण असते. ती परक्याच्या तोंडी आली की समजावं, आतल्याच कुणीतरी ती दिली. काल तुझं तेरावं झालं. आज मी लिहायला बसलोय ते वाद जिंकायला नव्हे. जिंकण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

माझा स्वभाव तुला सांगायला नको. लोकांचं दुधाने तोंड पोळतं, मग ते ताक फुंकून पितात. मी न पोळताच फुंकत आलो. शहापूरच्या कचेरीबाहेर जांभळीखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणाऱ्याचं दुसरं काय होणार? समोर बसलेला माणूस निम्मं सांगतो, निम्मं गिळतो, आणि गिळलेलं काय ते ताडण्यावर माझं पोट चालतं. आठवड्यातून दोन दिवस मी मुरबाडच्या कचेरीपुढेही बसायचो, म्हणून तुझ्या सर्व्हिस मोटारीचा कायमचा उतारू झालो. पहिल्या दिवशी तू मला तुझ्या शेजारी बसवलंस तेव्हा मी मनात म्हटलं, हा ड्रायव्हर आता फुकटात अर्ज लिहून घेणार. तू एकही लिहून घेतला नाहीस. उलट किन्हवलीच्या पुढे गाडी चिखलात रुतली तेव्हा मला धोतर खोचून ढकलायला लावलंस, आणि माझ्या तोंडावर उडालेला चिखल बघून पोट धरून हसलास. त्या दिवसापासून तुझ्या तोंडचा 'तुमी' गेला आणि 'तू' आला.

वादाला तोंड फुटलं ते मुरबाडवरून. शहापूरचे कारकून मुरबाडला 'अंदमान' म्हणायचे. कुणाच्या बदलीचा हुकूम आला की "गेला बिचारा अंदमानात" असं म्हणून सगळे सुपारी कातरायला लागायचे. मी तुला ऐटीत सांगितलं की मुरबाडकर स्वतःच आपल्या गावाला असं म्हणतात. मुरबाडला पोचल्यावर तू गाडी थेट बाजाराच्या तोंडाशी उभी केलीस आणि सुक्या मासळीच्या टोपलीमागे बसलेल्या एका म्हातारीला विचारलंस, "आजी, या गावाला काय बोलतात गो?"

म्हातारीने आधी तुझ्याकडे पाहिलं, मग मोटारीकडे. "मुरबाड बोलतात. आनि काय बोलतील? गारी आनतोस आनि गाव ठाव नाय तुला?"

तुझं तेवढ्यावर भागलं नाही. नालबंदाला विचारलंस, कासाराला विचारलंस, टोकावड्याहून भात घेऊन आलेल्या गाडीवानाला विचारलंस. एकाने तर "पावनं, ऊन लागलं काय?" म्हणून तुला पाणी दिलं. परत येऊन बसल्यावर मी म्हटलं, "परक्याला कोण खरं सांगतो?"

"भाऊ," तू म्हणालास, "तुझ्यासंगट वाद घालन्यापेक्षा इंजिनासंगट घातलेला बरा. ते तापलं तर पानी तरी पितं."

तुझं म्हणणं साधं होतं, आणि आता मला ते पटतं. तुझ्या शेणव्याचा माणूस शहापूरला निघाला की शहापूरचं नावच घेत नाही. कुठं रे? तर कचेरीला. मुरबाडला निघाला तर बाजारला. कल्याणला निघाला तर जंक्शनात. "गावाला नाव लागतं ते लांबून बघनाऱ्याला," तू म्हणायचास. "आमाला तिथलं काम लागतं." मी तेव्हा हसण्यावारी नेलं. चौथी शिकलेल्या ड्रायव्हरकडून अक्कल घ्यायची म्हणजे माझ्यासारख्याला ते जडच जाणार.

शेणव्याला रस्त्याकाठी अण्णाचं हॉटेल. शेणव्याच्या शाळेचे मास्तर हे आपल्यातले तिसरे. शाळा सुटली की ते तिथे यायचे आणि आपली मोटारही तिथे अर्धा तास थांबायची. एकदा मास्तरांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. माहुलीचा किल्ला चढून गेलेल्या कुणा पुणेकर गृहस्थाने लिहिलं होतं की शहापूरला तिथले रहिवासी लाडाने 'माहुलीची पायरी' म्हणतात. अण्णा शेगडीमागून म्हणाला, "कोन बोलतो? मी तर नाय बोलत. तुमी बोलता?" कुणीच बोलत नव्हतं. तू विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत राहिलास. मला त्या गृहस्थाचाच संशय आला, की हा किल्ला चढला तरी होता का.

अण्णाच्या हॉटेलचं टोपणनाव मी ठेवलं. बाहेर कल्याणहून रंगवून आणलेली 'श्री गणेश प्रसाद हॉटेल' अशी पाटी, आणि आत एकही खिडकी नाही. लांबलचक, अरुंद, एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला शेगडी. आत शिरलं की काळोख आणि धूर, बाहेर आलं की डोळे चोळायचे. कसाऱ्याच्या घाटातून आगगाडीने गेलेल्या कुणालाही दुसरं काय आठवेल? "हा बोगदा आहे," मी म्हटलं आणि तुम्ही दोघं खोकत खोकत हसलात. पण अण्णा मोठा मानी. त्याच्या चहाला कुणी नावं ठेवली तर हातातला कप काढून घ्यायचा. म्हणून ठरलं, हे नाव आपल्या तिघांत राहायचं. "बोगद्यात भेटू" असं म्हणताना आपल्याला काय अभिमान वाटायचा! तालुक्यात फक्त तिघांना ठाऊक असलेलं एक ठिकाण, आणि ते भर रस्त्यावर.

मग बेचाळीस साल आलं. पेट्रोल मिळेना म्हणून तुझ्या मोटारीच्या पाठीला कोळशावर चालणारी टाकी बसली आणि टपावर कोळशाची पोती आली. त्या पोत्यांतून कल्याणहून चळवळीची पत्रकं यायला लागली. आणायचास तू, वाटायचे मास्तर. मी फक्त बघायचो. बघणं हाच माझा देशसेवेचा वाटा. मला भीती वाटायची आणि ती मी सावधपणा या नावाखाली लपवायचो.

नवरात्राच्या आधीचा तो दिवस. संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी आणि मास्तर अण्णाकडे बसलो होतो, तुझी मोटार यायची होती. फौजदार दोन शिपायांना घेऊन दारात उभा राहिला आणि अण्णाला म्हणाला, "बोगदा म्हणतात तो हाच ना?"

अण्णा भांबावला. "बोगदा? हितं कुठला बोगदा सायेब? ह्ये गनेश प्रसाद."

"बोगद्यात रोज बसणारे मास्तर कोण?"

मास्तर स्वतःच उठून उभे राहिले. त्यांच्या पिशवीत पत्रकं होती. त्यांना शिपायांनी दोन्ही बाजूंनी धरलं तेव्हा ते माझ्याकडे बघत होते आणि मी बघत होतो कपातल्या चहाकडे. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. हे नाव फौजदाराच्या तोंडी आलं कसं? नाव तिघांचं. मास्तरांना तर धरून नेलं. मी सांगितलं नव्हतं. उरला कोण?

तुझी गाडी त्या दिवशी सरळगावला बिघडली होती. ज्या दिवशी झडती त्याच दिवशी गाडी बिघडते, हे माझ्या घशाखाली उतरेना. दोन दिवसांनी तुलाही बोलावलं आणि संध्याकाळच्या आत सोडलं. एवढ्यात कसा सुटला? मलाही त्यांनी तासाभरात सोडलंच होतं, पण स्वतःवर संशय घ्यायची माझी पद्धत नाही. पुढच्या खेपेला मी तुझ्या शेजारी बसलो आणि समोर रस्त्याकडे बघत म्हटलं, "बोगदा हे नाव आपल्या तिघांनाच ठाऊक होतं, नाही का?"

तू गाडी सावकाश केलीस. माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "भाऊ, तू कागद लय लिवतोस रे."

मी मनात म्हटलं, बघा, विषय कसा टाळला.

मास्तर चौदा महिन्यांनी सुटून आले. अंगाचं चिपाड झालेलं, खोकला जडलेला, नोकरी गेलेली. शेणव्यातच राहिले. मी त्यांना माझ्याकडच्या अर्जांच्या नकला करायला देऊ लागलो आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या मनातलं सगळं त्यांच्या कानात ओतलं. मी तुझं नावसुद्धा घेतलं नाही, एवढा मी हुशार. एवढंच म्हटलं, "नाव तिघांत होतं, मास्तर. तुम्ही नाही. मी नाही." मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले. त्यानंतर त्यांनी तुझ्या मोटारीत पाय ठेवला नाही.

एक दिवस तुला आठवत असेल. चैत्राचं ऊन, मास्तर शहापूरहून शेणव्याला पायी निघालेले, डोक्यावर पंचा. तू त्यांच्या बाजूला गाडी उभी केलीस आणि दार उघडून म्हणालास, "मास्तर, बसा." ते चालत राहिले. तू गाडी हळूहळू त्यांच्या चालीने नेलीस आणि पुन्हा म्हणालास, "मास्तर, ऊन लय हाय, बसा." मागे उतारू ओरडायला लागले. मास्तरांनी मान वर केली नाही. शेवटी तू दार ओढून घेतलंस. पुढे तुझा गियर दोनदा चुकला, एरवी डोळे मिटून बदलायचास. मी शेजारी बसून होतो आणि मला वाटत होतं, खाल्ल्या मिठाला न जागणाऱ्याला हे भोगायलाच हवं.

असा मी सहा वर्षं तुझ्या शेजारी बसलो. तुझा चहा प्यायलो. तुझ्या पोरीच्या लग्नात जेवलो. हसलो, वाद घातला, टोपणनावांवरून भांडलो, आणि प्रत्येक वेळी तुझ्या बोलण्यात काही निसटतंय का ते हेरत राहिलो. संशयाला औषध नाही म्हणतात. मी तर औषध शोधलंही नाही. तुला सरळ विचारलं असतं तर काय झालं असतं? पण विचारल्यावर उत्तर येतं, आणि मला माझ्याकडचं उत्तर आवडत होतं.

तू गेलास त्या दिवशी तुझी तिरडी मास्तरांच्या घरावरून गेली. दार बंद होतं. आत खोकल्याचा आवाज आला, म्हणजे ते घरात होते. मी खांदा दिला होता, आणि ते बंद दार बघून मला बरं वाटलं. हे लिहायची मला लाज वाटते, पण तुला खोटं लिहून आता काय मिळवायचंय?

काल जेवणं उरकल्यावर वहिनींनी तुझा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. मोटारीत तुझ्या बाकाखाली असायचा तोच. आसपासच्या वाड्यांवरची माणसं त्यांचे महत्त्वाचे कागद तुझ्या हवाली करायची, घरात उंदीर खातात, पावसात भिजतात म्हणून. "तुमी कागुद वाचता," वहिनी म्हणाल्या, "ज्याचा त्याला देऊन टाका. लायसन काय ते मालकाला धाडा." मी एकेक उलगडत गेलो. तळाशी तुझं लायसन होतं आणि त्याच्या आत मेणकापडात गुंडाळलेला एक कागद.

"तो तुमचाच हाय," वहिनी म्हणाल्या. "भाऊलाच दे, दुसऱ्या कुनाला दावू नको, असं बोललेले."

अक्षर माझं होतं. खाली बुधा ठाकराचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून तुझी सही, ती कललेली, तुझ्या मोटारीसारखी एका बाजूला झुकलेली. आधी मला काहीच आठवेना. मग हळूहळू आठवलं. बुधाच्या वाडीची गुरं जायची वहिवाटीची वाट कुणा ठेकेदाराने कुंपण घालून अडवली होती. मी अर्ज लिहिला. अर्जात जागेच्या चारही बाजू लिहाव्या लागतात. पूर्वेस ओहोळ, उत्तरेस बुधाची वाडी, दक्षिणेस शाळा, आणि पश्चिमेस, हात चालू होता, मनात काही नव्हतं, मी लिहून गेलो होतो, 'पश्चिमेस बोगदा'.

कचेरीतून अर्ज परत आला होता. वर शेरा, 'शेणवा हद्दीत रेल्वे नाही. बोगदा कोठला, खुलासा करावा.' तो खुलासा मी केला होता. त्याची नकल माझ्या हातात होती, झडतीच्या आदल्या वर्षाची. शब्द न शब्द माझा:

'अर्जात नमूद केलेला बोगदा म्हणजे शेणवा येथील रस्त्याकाठचे चहाचे हॉटेल असून, सदर ठिकाणी शाळेचे मास्तर, सर्व्हिस मोटारीचे ड्रायव्हर व खुद्द अर्ज लिहिणार हे नित्य बसत असल्याने ठिकाण सर्वांस ठाऊक आहे.'

कोण बसतं तेही मीच कचेरीत, फौजदाराच्या हाताशी, लिहून दिलं होतं, दामू. ठिकाण खरं आहे हे पटवायला. दिवसाला दहा-बारा कागद लिहिणारा माणूस मी. लिहिला, बुधाचा अंगठा घेतला, तुझी सही घेतली आणि विसरलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा मी सहा वर्षं वळसे घालत होतो. आणि कळसा तुझ्या बाकाखालच्या डब्यात होता, माझ्या पायापासून हातभर लांब.

मी वहिनींना विचारलं, हा त्याच्याकडे कधीपासून आहे? त्या म्हणाल्या, मास्तरांना नेलं त्याच आठवड्यात तू बुधाच्या वाडीवर जाऊन तो मागून आणलास. रात्री जेवताना त्यांना वाचून दाखवलास.

"मग मास्तरांना का नाही दाखवला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. माझ्यावर उपकार करून ठेवलेस याचाच मला राग आला असावा.

"मी पन तेच बोलले," वहिनी म्हणाल्या. "तुमचं नाव खराब व्हतंय, दावा की. तर बोलले, मास्तरचं समदं गेलं. दोन मानसं राह्यली, एक मी आनि एक भाऊ. मी तर गेलोच त्याच्या मनातून. आता हा कागुद दावला तर भाऊ पन जाईल. एक तरी राहू दे त्याला." मग म्हणाल्या, "आनि बोलायचे, भाऊ विचारंल तवा त्याला दावीन. भाऊ विचारतच नाय."

मला तुझे आभार मानायचे आहेत आणि ते मला जमत नाही. माझ्या मनाची घडणच वाईट. काल रात्रभर... नाही, रात्रभराच्या गोष्टी नकोत, तेवढा मी झोपलोही. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार काय आला माहीत आहे? की दामूने हा कागद माझ्यावर उगारायला तर जपला नसेल? लायसनात गुंडाळून? तू नसताना, पिंडदान झाल्यावर मी तुझ्यावर संशय घेतला. मग मला त्या दुपारचं तुझं वाक्य आठवलं, कागद लय लिवतोस रे. तू मला सांगत होतास. जेवढं सांगून माझी आब राहील तेवढं सांगत होतास, आणि पुढचं मी विचारावं म्हणून गाडीसुद्धा सावकाश केली होतीस.

एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. ती वहिनींनाही ठाऊक नाही, त्या तेव्हा विहिरीवर गेल्या होत्या. तुझा ताप उतरत नव्हता आणि मी बघायला आलो होतो. तू माझं मनगट धरलंस. हात तव्यासारखा. म्हणालास, "भाऊ, मास्तरला एकदा बोलव. तुझ्या शब्दावर येतील."

मी म्हटलं, "बघतो."

बाहेर पडलो. मास्तरांचं दार उघडं होतं, आत ते नकला करत बसले होते. मी त्यांच्याशी हवापाण्याचं बोललो, पुढचे कागद दिले आणि निघून आलो. मला वाटलं तुला कबुली द्यायची आहे. मरणाऱ्या माणसाच्या कबुलीने मास्तर विरघळतील, रडतील, माफ करून टाकतील. आणि मग इतकी वर्षं मी जे बरोबर धरून बसलो होतो, त्याला काय अर्थ राहील? मला तू दोषी हवा होतास, दामू, आणि माफी मिळालेली नको होती. चार दिवसांनी तू गेलास.

आज सकाळी मी तो कागद घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. माझं अक्षर ते रोज बघतात, सांगायला काही लागलं नाही. बुधाकडून तू तो आणलास ते मी सांगितलं, वहिनी म्हणाल्या तेही सांगितलं. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. मास्तरांनी कागदाची जुन्या घडीवर घडी केली आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, "लिहिणाऱ्याच्या हातून होतं असं, भाऊ. मुद्दाम थोडंच केलंत? पत्रकं माझ्याच पिशवीत होती. आज ना उद्या नेलंच असतं मला."

मला हायसं वाटलं. एवढं हायसं वाटलं की मी उरलेलंही सांगून टाकलं. तू बोलावलं होतंस ते.

मास्तरांनी चष्मा काढला. "कधी?"

"जायच्या आधी चार दिवस."

"मला बोलावलं होतं?"

"हो."

"मी घरातच होतो," ते म्हणाले. "भाऊ, ते चारही दिवस मी घरातच होतो. त्याचं घर इथून शंभर पावलांवर आहे."

मी काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला. मग मला विचारलं, "निरोप का नाही दिलात?" ज्याने दुसऱ्यांसाठी हजारो खुलासे लिहिले त्याला एक खुलासा तोंडाने करता येईना. ते उत्तराची वाट बघत थांबले, खरोखर थांबले, आणि ते आलं नाही तेव्हा उठून त्यांनी खुंटीवरची टोपी घातली. दारात वळून म्हणाले, "तुम्ही येऊ नका."

मी अण्णाकडे येऊन बसलो आहे आणि इथूनच हे लिहितोय. अण्णाने न मागता चहा ठेवला. दारातून तुझं घर दिसतं. मास्तर वाटेत खोकल्यासाठी दोनदा थांबले. अंगणाशी पोचल्यावर पुन्हा थांबले, आत जावं की नको अशा विचाराने. वहिनी बाहेर आल्या, ओट्यावर घोंगडी टाकली, आणि ते टोपी काढून बसले.

दामू, मास्तर आले रे.